बिडी वारीइतकी जुनी नाही



दिंडी विसाव्याला थांबली की काय होते ते आपण जाणता. वीणा खाली टेकत नाही, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. टाळ पिशवीत जातात, पखवाजाला खोळ चढते, कोणी पाय दाबत बसतो, कोणी भाकरीचे गाठोडे सोडतो. आणि चार-दोन माणसे हळूच मागे सरतात. बाभळीच्या आडोशाला काडी ओढली जाते, हाताच्या ओंजळीत ठिणगी झाकली जाते. विणेकऱ्याची नजर चुकवून हे चालते, यातच खरे तर सगळे आले. पण कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते : "अहो, आपल्यात हे पूर्वापार चालत आले आहे. आजा ओढत होता, पणजा ओढत होता."

या 'पूर्वापार' शब्दाचाच आज आपण हिशेब करू.

हे मी पोंभुर्ण्याकडून लिहितो आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा हा झाडीपट्टीचा मुलूख. अंधारी आणि वैनगंगेच्या पट्ट्यात धानाच्या बांध्या, बांध्या संपल्या की जंगल, आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. या बाजूचा बिडीशी संबंध दुहेरी आहे. बिडी इथे ओढली जाते आणि ती ज्या पानात वळतात ते पानही इथलेच. त्यामुळे बिडीबद्दल बोलताना आम्हाला दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही.

आता 'पूर्वापार'कडे येऊ. ज्ञानेश्वरी लिहून झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला. माउलींनी आळंदीला समाधी घेतली १२९६ ला. नामदेवराय १३५० पर्यंत होते, चोखोबा मंगळवेढ्याला १३३८ साली गेले. या कोणाच्याही काळात तंबाखू नावाची वस्तू हिंदुस्थानात नव्हती. कोणी लपवून ओढत नव्हता, कोणी उघड ओढत नव्हता, कारण ते रोपच या जमिनीवर नव्हते. ते समुद्रापलीकडे, अमेरिका खंडात होते. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, तेव्हा त्याच्या माणसांनी तिथल्या लोकांना पानाची गुंडाळी पेटवून धूर ओढताना पाहिले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढे त्यांच्याच जहाजांतून हे पान आपल्या किनाऱ्याला लागले. 'तंबाखू' हा शब्दसुद्धा त्यांचाच, आपल्या तोंडी बसताना थोडा वाकलेला.

एकनाथ महाराजांनी पैठणला देह ठेवला १५९९ साली. तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे १६०८ चा मानतात. या दोघांच्या मधल्या काही वर्षांत तंबाखूची पहिली ठळक नोंद आपल्या बाजूला सापडते, आणि ती पंढरीपासून फार लांबची नाही. अकबर बादशहाने असद बेग नावाच्या आपल्या माणसाला विजापूरच्या आदिलशाही दरबारात पाठवले होते. बादशहाचा मुलगा दानियाल याचे लग्न आदिलशहाच्या मुलीशी ठरले होते, त्या कामासाठी. पंढरपूरहून मंगळवेढा आणि तिथून पुढे विजापूर, ही वारकऱ्याच्या पायांनी मोजली तर चार-पाच दिवसांची वाट. त्या विजापुरात असद बेगला तंबाखू मिळाली. त्याने ती पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्याने ती विकत घेतली, ओढायला रत्नजडित नळी करवून घेतली आणि १६०४ च्या सुमारास आग्र्याला बादशहापुढे ठेवली.

पुढचा प्रसंग त्यानेच लिहून ठेवला आहे आणि तो आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. बादशहाने कौतुकाने दोन झुरके घेतले. हकिमाने अडवले. त्याचे म्हणणे असे की, ही न पारखलेली चीज आहे, आमच्या वैद्यांनी हिच्याबद्दल काही लिहिलेले नाही, तेव्हा हिचे गुण सांगायचे कशाच्या आधारावर? असद बेगने उलट युक्तिवाद केला की, फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे लोक आहेत, त्यांनी पाहूनच घेतली असेल. वाद बराच रंगला. बादशहाने पुढे ती सवय लावून घेतली नाही. परंतु असद बेगने उरलेली तंबाखू सरदारांना वाटली, एकाने घेतली म्हणून दुसऱ्याने मागितली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली, आणि थोड्याच काळात ती जिकडेतिकडे झाली. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचे फर्मान काढले, पण तोवर ती फर्मान ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

यात जबरदस्ती कुठे दिसते का, पाहा. कोणी कोणाच्या तोंडात कोंबली नाही. पाहुणचार म्हणून आली, थोरामोठ्यांची चाल म्हणून आली. आजही पहिली बिडी कोणी विकत घेत नाही. ती कोणीतरी पुढे केलेली असते.

विदर्भातली रुक्मिणीमातेची कौंडण्यपूरची पालखी १५९४ पासून चालते अशी तिची परंपरा सांगतात. म्हणजे तंबाखू विजापूरच्या बाजारात नवलाची वस्तू होती, तेव्हा ती पालखी पंढरीच्या वाटेला लागून फार तर दहा वर्षे झाली होती. आणि पंढरीची वारी तर त्याच्याही कितीतरी आधीची. ज्ञानोबारायांच्या आधीपासून लोक पंढरीला चालत आहेत. वारीने आपल्या आयुष्याची तीनशे वर्षे तंबाखूचा वाससुद्धा न घेता काढली. तेव्हा 'पूर्वापार' म्हणायचे असेल, तर पूर्वापार आहे ते न ओढणे.

इथे एक चतुर वारकरी मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, "महाराज, मग मिरची कुठली? बटाटा कुठला? एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी खातो, त्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, वरचे शेंगदाणे, सगळे त्याच अमेरिकेतून, त्याच पोर्तुगीजांच्या काळात आले. ते चालते मग?" बरोबर आहे. परके आहे म्हणून टाका, असे मी म्हणतच नाही. परके असून अंगाला लागले ते आपण ठेवले. माझे म्हणणे एवढेच की, पूर्वजांच्या नावाआड बिडीला लपता येणार नाही. तिला पारखायचे ते तिच्या गुणांवर. आग्र्याच्या त्या हकिमाने मागितली होती ती पारख करायला पुढे साडेतीनशे वर्षे लागली.

त्या पारखीकडे जाण्याआधी बिडी आपल्या जंगलात कशी शिरली ते सांगतो, कारण तंबाखू आली तेव्हा ती चिलमीतून आणि हुक्क्यातून ओढली जात होती. तुकोबांच्या नावे असलेल्या अभंगांत तंबाखू ओढणाऱ्याचा कडक समाचार घेतलेला आहे, तो त्या धुराचा. बिडी त्यानंतरची. आणि घरोघरी पोहोचलेली, बंडलात बांधलेली बाजारची बिडी तर अगदी अलीकडची.

१८९९ साली गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. लोक त्याला संवत १९५६ वरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात. त्या दुष्काळात पोटासाठी बाहेर पडलेली काही गुजराती कुटुंबे मध्यप्रांतात जबलपूरकडे आली. आपला चांदा जिल्हाही तेव्हा त्याच मध्यप्रांतात. गुजरातेत बिडी दुसऱ्या पानांत वळत. इथल्या जंगलात त्यांना टेंभुर्णीचे पान दिसले, ज्याला व्यापारात तेंदू म्हणतात. मऊ, चिवट, वाळले तरी न तुटणारे, दुमडले तसे राहणारे, आणि जंगलात फुकट. तंबाखू गुजरातची, पान आपले, वळणारे हात गरिबाचे. १९०२ मध्ये जबलपूरच्या हरिभाई देसाई यांनी बिडीचा पहिला छाप नोंदवला. आगगाडीने माल दूर जाऊ लागला आणि गोंदिया, भंडारा, कामठी ही बिडीची गावे झाली. पुढे स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेट सोडायची म्हणून लोकांनी बिडी धरली. देशाभिमानाने माणसाला एका धुरातून काढून दुसऱ्यात नेऊन ठेवले, ही इतिहासाची थट्टाच म्हणायची.

म्हणजे आपल्या आज्याच्या आज्याला विचारले असते, तर त्याने बंडलातली बिडी पाहिलीही नसती. सव्वाशे वर्षांची ही वस्तू.

पोंभुर्णा म्हटले की मला टेंभुर्णीच आठवते. नावाचा आणि झाडाचा काही संबंध आहे असे मी म्हणत नाही, कानाला यमक लागते इतकेच. पण संबंध पोटाचा आहे. फाल्गुनात टेंभुर्णीची झुडपे खाली छाटतात, म्हणजे वैशाखात कोवळा, मोठ्या पानांचा फुटवा येतो. मे महिन्यात पहाटे, उजाडायच्या आधी, बाया जंगलात शिरतात. सोबत नवरा, कधी पोरे. हे वाघांचे जंगल आहे, पान तोडायला वाकलेली बाई वाघाला चार पायांचे जनावर वाटते, आणि दर उन्हाळ्यात या दोन जिल्ह्यांतून अशी एखादी बातमी येतेच. उन्हे चढण्याआधी ओझे घेऊन घरी यायचे, सावलीत बसून पाने जुळवायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन मुंशीपुढे मोजून द्यायचे, उन्हात पसरायचे. अशा एक हजार पुड्यांची एक गोणी. या हंगामाला दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त आयुष्य नसते. पण त्या पैशांतून धानाचे बी येते, पोरांची वह्या-पुस्तके येतात, मागची उधारी फिटते. पान तोडणाऱ्या बाईला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि सावलीत बसून लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही.

राज्य सरकारने १९६९ च्या कायद्याने हा व्यापार आपल्या ताब्यात घेतला. अलीकडे गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा स्वतःच पानाचा लिलाव करतात. पान इथून जाते. तंबाखू येते गुजरातेतून आणि बेळगावकडच्या निपाणीतून, जिथे मराठी बोलणारी माणसे ती पिकवतात आणि मराठी बोलणाऱ्या बाया ती चाळतात. सोलापूर, अहमदनगर, सिन्नर, गोंदिया इथे दारात सूप घेऊन बसलेल्या बाया बिड्या वळतात, आणि त्यांच्या छातीत तंबाखूची धूळ न ओढताच जाते. मग तेच पान बंडल होऊन आपल्या गावच्या ठेल्यावर परत येते. मे महिन्यात ज्या हाताने बायकोने पान तोडले, आषाढात त्याच घरचा माणूस ते पैसे मोजून विकत घेतो आणि जाळतो. मजुरीचा रुपया असा फिरून धुरात जातो. हा हिशेब आपण आपल्या घरापुरता एकदा मांडून पाहावा. दिवसाला एक बंडल धरले तर वर्षाला किती, आणि तेवढ्यात काय काय झाले असते.

आता हकिमाने मागितलेली पारख. १९५० साली इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांची चौकशी करून धूम्रपानाचा दोष दाखवला. पण ती सिगारेट होती, आणि आपल्याकडे 'बिडी देशी आहे, पानात आहे, कागद नाही, तिने काही होत नाही' असे म्हणायची सोय राहिली. ती सोयही फार दिवस राहिली नाही. मुंबईला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या देशातल्या कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. संघवी, राव आणि खानोलकर या तिघांचा निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा, ओढणाऱ्यांत घशाचा आणि जिभेच्या मुळाकडचा कर्करोग जास्त, आणि दोन्ही करणाऱ्याला दोन्हीकडून, असे त्यात निघाले. हे रोगी आपलेच लोक होते, आपलीच बिडी ओढणारे. म्हणजे आपल्या बिडीचा निकाल लागून सत्तर वर्षे झाली. आपल्या कानावर तो उशिरा आला, एवढेच.

बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा खूप कमी असते, हे खरे. पण कागदातून हवा आत जाते तशी तेंदूच्या पानातून जात नाही. बिडी ओढता ओढता विझते. ती पेटती ठेवायची तर जोराने आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, त्यामुळे धूर खोल जातो. म्हणून एवढ्याशा तंबाखूतून डांबर, निकोटिन आणि कोळशाच्या शेगडीतून निघतो तो विषारी वायू, हे सारे सिगारेटइतके किंवा त्याहून जास्त छातीत उतरते. ज्या गुणामुळे आपले पान व्यापाऱ्यांना आवडले, तोच गुण छातीला महागात पडतो.

२००८ साली देशातल्या ११ लाख घरांच्या पाहणीवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीस ते एकोणसत्तर वर्षांच्या पुरुषांच्या मृत्यूंमध्ये पाचातला एक मृत्यू धूम्रपानामुळे, असे त्यात दिसले. बिडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षे आधी जातो, बिडी ओढणारी बाई आठ वर्षे आधी, सिगारेट ओढणारा पुरुष दहा वर्षे आधी. सहा वर्षे म्हणजे सहा आषाढी. आणि यात कर्करोग हेच मुख्य नाही. मोठा वाटा हृदयाचा, दम्यासारख्या छातीच्या विकाराचा आणि क्षयाचा आहे. चेन्नईकडच्या २००३ च्या एका अभ्यासात, ओढणाऱ्या पुरुषांचे क्षयाने मरण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाले. आमच्या जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे, घरात चूल आहे. छातीवर आधीच ओझे असलेल्या माणसाने आणखी कशाला चढवावे?

आता एक कडू गोष्ट, आपल्याच घरातली. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस सुटते, दारू सुटते. हे सोपे नसते, पण माणसे करतात आणि मरेपर्यंत पाळतात. मी असे माळकरी पाहिले आहेत की लग्नाच्या पंगतीत शंका आली तर ताटावरून उठतील. पण त्याच माणसाच्या खिशात बंडल असते, कनवटीला तंबाखूची चंची असते, आणि कोणाला त्यात खटकत नाही. माळ घालताना बिडीचा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही. विचारायला काय हरकत आहे? जो माणूस मटणाचा वास आला तरी दूर सरतो, त्याला बिडी सोडता येत नाही हे मला पटत नाही. त्याच्यापाशी निग्रह आहे. तो निग्रह कोणी या बाजूला वळवलेला नाही. गाडगेबाबा कीर्तनात उभे राहून लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोकांच्याच तोंडून व्यसनाचे उत्तर काढून घेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी तर आमच्या चिमूरपर्यंतच्या जंगलाने ऐकली आहे. आपल्या परंपरेला हा प्रश्न परका नाही.

आमच्याकडे, खरे सांगायचे तर, बिडीपेक्षा खर्रा जास्त झाला आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून करतात तो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे त्यात ३.८ टक्केच, बाकी बहुतेक खाणारे. पुष्कळ जण बिडी सोडतात ती खर्रा धरण्यासाठी. हे सोडणे नव्हे, घर बदलणे झाले. १९५५ च्या निबंधाने तेव्हाच सांगितले होते की चघळणाऱ्याच्या तोंडालाही सुटका नाही. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाचे काम डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने दारू आणि तंबाखू या दोन्हींवर चालू आहे, ते याचसाठी.

मग सोडायची कशी? 'मनाने ठरवले की झाले' असे सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. बिडीत मनाचा भाग आहे तसा शरीराचाही आहे. निकोटिन रक्तात गेले की दोन तासांत निम्मे उतरते, आणि उतरले की मेंदू मागणी करतो. म्हणून हात दर दोन तासांनी खिशाकडे जातो. हा पापाचा पुरावा नाही, सवयीचा आहे. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटे जोर करते आणि ओसरते. तेवढा वेळ काढता आला पाहिजे. पाणी प्या, दोन पावले चाला, बडीशेप तोंडात टाका, हरिपाठाचे चार अभंग म्हणा. तेवढ्यात ती निघून जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप मोडते, खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो. या तीन दिवसांत घरच्यांनी समजून घ्यावे. बायकोने 'हो, बघू किती दिवस' असे म्हणू नये. पुढे दोन ते चार आठवड्यांत हे सगळे शांत होत जाते.

आता आपल्याजवळ काय आहे ते पाहा. एकादशी आहे. अन्न सोडायची सवय असलेल्या माणसाने त्याच दिवशी बिडीही ठेवून द्यावी. शेवटची बिडी ओढल्यापासून चोवीस तास गेले, म्हणजे द्वादशीला पारणे सोडायच्या वेळेपर्यंत, रक्तातला तो विषारी वायू जवळजवळ निघून गेलेला असतो आणि प्राणवायूला आपली जागा परत मिळते. आणि वारी आहे. आळंदीहून पंढरपूर अठरा-एकोणीस दिवस. शरीराची मागणी थंडावायला जेवढे दिवस लागतात, जवळजवळ तेवढेच. घरचा कट्टा नाही, नेहमीचा ठेला नाही, नेहमीची संगत नाही, पहाटेपासून चालणे आणि भजन. आपल्याला दरवर्षी एवढी संधी मिळते. फक्त दिंडीत बिडी पुढे करणारा हात नसावा, आणि दिंडीप्रमुखांनी ते एकदा सर्वांसमोर बोलून ठेवावे. असद बेगने वाटली म्हणून पसरली, हे विसरू नये.

शिवाय भजन हे श्वासाचे काम आहे. चाल वर चढते तिथे कोणाचा आवाज तुटतो, कोण मध्येच खोकतो, चढणीवर कोण मागे पडतो, ते टाळकऱ्याला सांगावे लागत नाही. सोडल्यावर दोन-तीन महिन्यांत श्वास लांबतो. वर्षभराने हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. डॉल यांनी इंग्लंडातल्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे माग ठेवला. त्यात असे निघाले की, तिशीत सिगारेट सोडणाऱ्याने गमावले असते ते जवळजवळ सगळे आयुष्य परत मिळवले, सुमारे दहा वर्षे. चाळिशीत सोडणाऱ्याने नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याने सहा आणि साठीला सोडणाऱ्याने तीन. साठीच्या माउलींनी 'आता काय उरले' असे म्हणू नये, तीन आषाढी उरल्या आहेत.

पुन्हा ओढली गेली तर? बहुतेकांची एकदा-दोनदा ओढली जाते. एक ठेच लागली म्हणून कोणी वारीतून परत फिरत नाही. जमत नसेल तर १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, त्यावर तंबाखू सोडण्यासाठी मार्गदर्शन मिळते. सरकारी दवाखान्यात विचारा. निकोटिनच्या गोळ्या असतात, औषधे असतात, ती घेण्यात कमीपणा नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, तोंडात न भरणारी जखम, बसलेला आवाज किंवा थुंकीत रक्त असेल, तर सोडण्याची वाट पाहत बसू नका, आधी दाखवा.

राहिला पानाचा प्रश्न. ओढणारे कमी झाले तर तेंदूचे काय, मेच्या मजुरीचे काय? याला माझ्याजवळ सगळ्यांना लागू पडेल असे उत्तर नाही. पण पोंभुर्ण्याच्या शेजारी गोंडपिंपरी तालुका आहे, आणि त्यात पाचगाव नावाचे लहानसे गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली त्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा बसली. बांबू आपण स्वतः तोडायचा आणि स्वतः विकायचा, हे ठरले. आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही, हेही ठरले. पैसा समोर दिसत असताना. कारण पान घ्यायचे तर झाड छाटावे लागते, फुटव्यासाठी जंगलात आग लावली जाते, आणि आगीत बाकीचेही जळते. बांबूच्या कामातून गावातच मजुरी उभी राहिली. प्रत्येक गावाजवळ एवढा बांबू नसतो, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे तर बहुतेक घरांना अजून त्या दोन-तीन आठवड्यांचाच आधार आहे.

पाचगावच्या जंगलात आता टेंभुर्णीची कोणी छाटणी करत नाही. झुडपांची झाडे झाली आहेत. उन्हाळ्यात त्यांना फळ धरते, पिकले की पिवळे होते, गोड लागते. पाखरे खातात, अस्वले खातात, पोरे खातात.